जमेचा फळा

स्मरणिका समितीचं पत्र आलं. 'शाळेच्या सर्वांगीण आठवणी पाचशे शब्दांत पाठवाव्यात.' सर्वांगीण मला जमणार नाही आणि पाचशे शब्दांत तर मुळीच नाही. शाळेनं पुष्कळ दिलं. कबड्डीचं मैदान दिलं, हौदाच्या कठड्यावरचे मित्र दिले, बाकीचे गुरुजनही थोरच होते. पण लिहायला बसलो की शास्त्राचे सर तेवढे समोर येऊन उभे राहतात. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या वेळच्या पोरांना 'शास्त्राचे सर' एवढं पुरे आहे.

मी १९७५ च्या दहावीचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीचा. आठवी ब ला असताना वर्ष होतं ७२-७३. ते साल दुष्काळाचं होतं हे वेगळं सांगायला नको. आपल्या वाईकडे कृष्णामाई आहे म्हणून माण-खटावाइतके हाल झाले नाहीत, तरी विहिरींनी तळ गाठला होता. घरोघर मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, लाल भाकरी. वर्गातल्या निम्म्या पोरांची आई नाहीतर बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. माणातले आमचे पाहुणे जनावरं घेऊन आमच्या गोठ्यात येऊन राहिले होते, त्यामुळे घरात माणसं वाढलेली आणि वैरण आटलेली.

अशात फाल्गुन लागला आणि शाळा सकाळची झाली. आठवी ब च्या उजव्या भिंतीवर सुविचाराचा फळा होता. सरांनी एके दिवशी सुविचार पुसला, फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'जमा'. रेघेच्या एका अंगाला 'काय मिळालं', दुसऱ्या अंगाला 'कोणाकडून'. मागून कोणीतरी विचारलं, "सर, खर्चाची बाजू?" सर म्हणाले, "ती तुम्हाला घरी रोज ऐकायला मिळते."

रोज एका मुलानं यायचं, शाळेला येता येता काय चांगलं दिसलं, ऐकलं, खाल्लं ते लिहायचं. अट एकच. रम्य, मनोहर, नयनरम्य असले निबंधातले शब्द चालणार नाहीत. कोणी लिहिलं, 'वसंत ऋतूचे आगमन झाले.' सर म्हणाले, "तुझ्याकडे आला होता का? कुठून आला? कोणत्या झाडावर बसला?" मग त्यानं खोडून लिहिलं, 'देवळामागच्या पिंपळाला तांबूस पानं आली.' पावसानं दगा दिला तरी पळस, पांगारा आणि काटेसावर वेळेवर फुलले होते. पसरणी घाटाच्या अंगाला नुसती लाली होती. एकीनं लिहिलं, 'पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग काळा आणि मखमली असतो, आज पहिल्यांदा हात लावून पाहिला.' सरांनी तिला पुढं बोलावून सगळ्यांना ते फूल दाखवायला लावलं. पळसाला पानं तीनच हे आम्ही म्हणीत ऐकलं होतं, फूल मात्र कोणी धड पाहिलं नव्हतं.

'कोणाकडून' ही बाजू अवघड जायची. एकानं लिहिलं, 'गार पाणी प्यायलो.' कोणाकडून? 'माठाकडून.' माठात कोणी भरलं? तर शिपाईमामांनी. त्यांनी कुठून आणलं? बैलगाडीवर पिंप ठेवून, पहाटे चारला उठून, लांबच्या विहिरीवरून. हे आम्हाला माहीतच नव्हतं. सरांनी मामांना वर्गात बोलावून फळा वाचून दाखवला. मामा इतके ओशाळले की घंटा द्यायची वेळ टळून गेली. हेडमास्तरांनी सरांना त्याबद्दल विचारलं म्हणतात. सरांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही.

बावधनच्या बगाडाचा, म्हणजे बैलांनी ओढायच्या जत्रेतल्या गाड्याचा, दिवस मात्र फुकट गेला. रंगपंचमीला वर्गात येणार कोण! दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी होती त्यानं फळाभर बगाडच लिहिलं, आणि 'कोणाकडून' च्या खाली, 'बैलांकडून'.

आता माझ्या पाळीची गोष्ट. विहिरीच्या पाण्यावर वडिलांनी थोडीशी हळद कशीबशी जगवली होती. ती काढून शिजवायचं काम चाललं होतं. दिवसा ऊन सोसवत नाही म्हणून रात्री. चुलवाणावर मोठी कढई, तिच्यात हळकुंडं, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट. रात्रभर मी चुलवाणात पाचट सारत होतो. सकाळी तसाच शाळेत. सरांनी खडू पुढं केला. मी म्हणालो, "सर, आज काही नाही दिसलं. झोपच झाली नाही." पोरं हसली, कारण माझे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

सर हसले नाहीत. "हळद शिजली की नाही हे कसं ओळखतोस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "फेस येतो, वास बदलतो, मग काडी टोचायची. आरपार गेली की उतरवायची." तोवर आपल्याला असलं काही येतं आणि ते वर्गात सांगण्याजोगं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांनी शिपाईमामांना हाक मारून त्यांच्या चंचीतला चुना मागवला. माझा तळहात उताणा धरला आणि चुन्याच्या ओल्या बोटानं त्यावर रेघ ओढली. पिवळ्या हातावर रेघ लालभडक उमटली. सगळा वर्ग बाकांवर चढला. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, ते असंच. आम्ल आणि अल्क तो धडा आम्हाला नंतर पुस्तकातून वाचावा लागलाच नाही. फळ्यावर सरांनी स्वतः लिहिलं : 'लाल रेघ. याच्या वडिलांची हळद आणि मामांचा चुना यांच्याकडून.'

त्याच संध्याकाळी सर सायकलवर आमच्या शेतात आले. मास्तर दारात येतात ते तक्रार घेऊनच, एवढंच वडिलांना ठाऊक. हातातलं टाकून उभे राहिले. "मास्तर, पोरानं काय केलं?" सर म्हणाले, "काही नाही. काडी कशी टोचायची ते बघायला आलोय." वडिलांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी गवताची काडी शोधली, हळकुंड गार करून सरांच्या हातात दिलं. सरांची पहिली काडी मोडली. वडील म्हणाले, "अजून कच्चं हाय, थांबा जरा." सर चुलवाणापाशी गोणपाटावर बसले. जेठा गड्डा कोणता, बियाण्याला कोणता ठेवायचा, खळ्यावर वाळायला किती दिवस लागतात, सगळं विचारत राहिले. आईनं निखाऱ्यात भाजलेलं रताळं दिलं, ते त्यांनी सालासकट खाल्लं. पुढं वडील गेले तोपर्यंत शाळेचा विषय निघाला की ते एवढंच सांगायचे, "आपल्या शेतात मास्तर शिकून गेलाय."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर कडुनिंब होता, तो तर सगळ्यांनीच खाल्लेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एकीच्या घरी आंबेडाळ झाली नाही, डाळच नव्हती. तिनं लिहिलं, 'पन्हं दोनदा मिळालं.' कोणाकडून? 'शेजारच्या काकूंच्या आंब्याकडून, आणि काकूंकडून.'

परीक्षा आली, सुट्टी लागली. पुढच्या फाल्गुनात फळा पुन्हा झाला, पण ते वर्ष बरं गेलेलं, पोरांना जमेचं तेवढं अप्रूप राहिलं नव्हतं.

दहावीनंतर आयटीआय केलं आणि एमएसईबीत, म्हणजे वीज मंडळात, हेल्पर म्हणून लागलो. महावितरण झालं तेव्हा लाइनमन होतो, प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या छाटायचं काम एप्रिल-मेमध्ये असतं, म्हणजे नेमकी कावळ्यांची अंडी-पिलं असण्याचे दिवस. त्यांतलं एखादं कोकिळेचंही असतं. खांबावर चढलो की आधी घरटं बघायचो आणि ती फांदी शेवटाला ठेवायचो. तारेला टेकत नसेल तर पिलं उडेपर्यंत राहू द्यायचो. बरोबरची पोरं म्हणायची, काकांचं काहीतरी वेगळंच असतं. माझ्या खिशातल्या डायरीत एका पानावर लाइन बंद ठेवायच्या परमिटचे नंबर आणि समोरच्या पानावर जमा असायची. वरच्या साहेबांनी एकदा ती तपासणीला मागितली आणि 'करंजाला फूल, लाइन बंद असताना वाऱ्याकडून' हे वाचून परत दिली. मुलगा पुण्यात आयटीत आहे, नात सहावीत. तिच्या शाळेत 'ग्रॅटिट्यूड जर्नल' नावाची छापील वही मिळाली आहे, शंभर रुपयांना. मी तिला म्हटलं, त्यातलं 'कोणाकडून' कुठं आहे? तिनं पेनानं रकाना आखून घेतला.

मागच्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. कौलारू इमारत गेली याचं वाईट वाटलं, पण ती गळत होती हेही खरं. मुलांना डोक्यावर पंखा मिळाला आहे, चांगलंच झालं. करंजाची रांग मात्र का काढली ते कोणी नीट सांगितलं नाही. सुरूर-वाई रस्त्यावरच्या वडांबद्दलही रुंदीकरणाची चर्चा निघाली की पोटात गोळा येतो. हळद शिजवायला आता दारात बॉयलर येतो, वाफेवर पटकन होते. काडी टोचणारं कोणी दिसत नाही. सर १९९० नंतर गावी गेले, तिकडेच वारले. अंत्यदर्शनाला पोहोचलो नाही, कळलंच उशिरा.

वर्गात आता डिजिटल फळा आहे आणि उजवी भिंत मोकळी आहे. मुख्याध्यापकांना विनंती की तिथे चार फूट बाय तीन फूट साधा काळा फळा करून घ्यावा. रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च माझा, रंगारीही मीच घेऊन येतो, फक्त फाल्गुन लागायच्या आत दिवस कळवावा. मधली रेघ ऑइलपेंटनं मारून घेऊ म्हणजे पुसली जाणार नाही. आणि वर सुविचार लिहू नये, त्यासाठी व्हरांड्यात दुसरा फळा हवा असेल तर तोही देतो.