पणजोबांची पलटण आणि टेबलावरची यादी

117 नंबरची मराठा पलटण कधी नव्हतीच, असं एका सरकारी टेबलावर मला दोनदा ऐकवण्यात आलं. त्याला आता आठ महिने झाले, तरी आठवलं की डोकं तापतं.

आमचं गाव मालवण तालुक्यातलं. गावातल्या सैनिकांच्या नावांचा फलक करायचं ठरलं. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेले, पण त्यांचं नाव घालायला सेवेचा पुरावा आणि शिफारसपत्र हवं होतं. ग्रामपंचायतीचा ठराव, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आठवड्यात झालं. डिस्चार्जचा कागद मात्र वाळवीनं कधीच संपवलेला.

राहिली देव्हाऱ्यातली दोन पदकं, एक चांदीचं, एक काशाचं. "तुझ्या पणज्यान बसऱ्यासून हाडल्यान," एवढंच आजी सांगायची. शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांनी ती हातात घेतली आणि थेट कड बघितली. "अरे, नंबर हयसर असता!" त्या युद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आजीनं वर्षानुवर्षं रांगोळीनं घासल्यामुळे चांदीच्या पदकावरची अक्षरं पुसट झालेली. रात्री टॉर्च आडवा धरून फोटो काढले तेव्हा ती उठली: नंबर, शिपाई, नाव, 117 मराठाज.

ते घेऊन गेलो, तर टेबलावरच्या साहेबांनी छापील यादी काढली. "यात अशी रेजिमेंट नाही. मराठा लाइट इन्फंट्री आहे, तसं लिहून आणा." मी कुठून लिहून आणणार? 1922 साली फौजेची फेररचना झाली, तेव्हा 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली आणि 117 तिची पाचवी बटालियन झाली. त्याआधीच्या माणसाच्या पदकावर नंतरचं नाव येणार कसं? इराकमधल्या कुत गावाला तुर्की फौजेनं घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, ही पलटण अडकली होती. उपासमार सोसलेल्या पलटणीला 'नाही' म्हणताना आवाजही खाली आला नाही, याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या फेरीला रेजिमेंटच्या इतिहासातलं पान जोडलं. मग नवी हरकत: गावात त्यांची जुनी नोंद दाखवा. वारस नोंदीचा जुना फेरफार दिला, तर त्यावर जिल्हा रत्नागिरी. "तुम्ही सिंधुदुर्गातले. रत्नागिरीला जा." तिथे गेलो. त्यांनी गावाचं नाव वाचलं आणि परत पाठवलं. एसटीचे दोन दिवस त्यात गेले. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, पणजोबा त्याच्या कितीतरी आधी वारले, हे मी शेवटी अर्जातच लिहिलं आणि वर पलटणीचं जुनं नाव, नवं नाव, साल असा तक्ता जोडला. पोच घेतली. सहाव्या फेरीला पत्र मिळालं.

तुमच्या घरातलं कुणी त्या युद्धात परतलं नसेल, तर आधी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा, ते फुकट आहे. आडनाव घालू नका. शिपायांच्या नोंदीत बहुतेकदा नाव, बापाचं नाव, गाव आणि 'रत्नागिरी, मुंबई' एवढंच असतं, आणि गावाचं इंग्रजी स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं लागलं तसं. आमच्या वाडीतल्या एकाला त्याचे चुलत पणजोबा तिथे अर्ध्या तासात सापडले.

कार्यालयात मूळ पदक देऊन येऊ नका, फोटो द्या. आणि कृपा करून ती घासू नका, चिंचेनं तर नाहीच.

फलक कोरताना सरपंच म्हणाले, "मराठा लाइट इन्फंट्री घालूया, लोकांना कळेल." मी 117 मराठाज असंच कोरून घेतलं.