फळा कधी पुसायचा

सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत माशांची अंडी निवडत बसलो होतो. शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं पत्रात होतं. लिहायला बसलो की माझी लेखणी सरांकडेच वळते. इतर गुरुजनांनी आणि बाईंनी राग मानू नये, त्यांचंही ऋण आहेच. सरांचं नाव लिहीत नाही. ‘विज्ञानाचे सर’ म्हटलं की आपल्या शाळेत दुसरं कोणी डोळ्यांपुढे येतच नाही.

सर नाल्यापलीकडच्या गावाहून सायकलनं यायचे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद. म्हणून शाळा सुटल्यावर थांबून ते दुसऱ्या दिवशीचा पहिला तास फळ्यावर लिहून ठेवत. सकाळी सर आलेले नसले तरी वर्ग सुरू व्हायचा. आम्ही पोट्टे फळा वाचायचो आणि कामाला लागायचो. अकराच्या सुमारास सर गुडघ्यापर्यंत चिखलात यायचे, काय झालं काय राहिलं ते विचारायचे आणि ओल्या फडक्यानं फळा स्वतः पुसायचे. तो वाळेपर्यंत थांबायचे. मग नवं लिहायचे. जुन्या अक्षरांवर नवं लिहिलेलं त्यांना खपायचं नाही.

आठवीत फळ्याचं काम माझ्याकडे होतं. जुलैत सरांनी सरकीचा प्रयोग घेतला. प्रत्येकानं घरून मूठभर सरकी आणली, शेणमातीत घोळून मडक्यात भिजत घातली. ती कधी उपसायची, ओल्या पोत्यात कशी ठेवायची, रोज काय नोंदवायचं, सगळं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि ते घरी गेले. फळा स्वच्छ दिसला तर सरांना बरं वाटेल म्हणून मी त्याच संध्याकाळी तो पुसून टाकला. रात्री नाला भरला. सर तिसऱ्या दिवशी पोहोचले. तोवर मडक्यातली सरकी पाण्यातच कुजून गेली होती, आणि वर्ग दोन दिवस नुसता बसून होता.

मी रडत उभा होतो. सर म्हणाले, “पुसनं चुकलं नाही बाबू. फळा पुसाच लागते. तू फक्त बेवक्ती पुसला.” मग त्यांनी स्वतःच्या घरची सरकी आणून प्रयोग पुन्हा मांडला.

पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब आले. मी विचारलं, सर, आत तर अंधार आहे, पान नाही, मुळी नाही, मग कोंबाला कसं वाढायचं ते सांगितलं कोणी? सर बराच वेळ कोंबाकडे पाहत राहिले. म्हणाले, “मले नाही माहीत. वहीत मांडून ठेव. कोनी शोधलं असन. नसन तं तू शोध.” चाळीस पोरांसमोर ‘मले नाही माहीत’ म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

कोणीतरी ते शोधलेलं होतं, आणि तेही सरकीवरच! एमएस्सीला असताना ग्रंथालयात मला 1965 सालचा एक शोधनिबंध सापडला. अमेरिकेतल्या ड्युर आणि वॉटर्स या दोघांनी सरकीतल्या गर्भाला ॲक्टिनोमायसिन-डी दिलं. या औषधानं पेशीत नवा आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवली जाणारी नक्कल, तयार होणं थांबतं. तरीही गर्भ प्रथिनं बनवतच राहिला. म्हणजे पहिल्या कामाच्या चिठ्ठ्या बियात आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. या चिठ्ठ्या म्हणजेच संदेशवाहक आरएनए. प्राण्यांच्या अंड्यातही हेच असतं. अंडं तयार होतानाच आई त्यात हजारो प्रकारचे निरोप भरून ठेवते. गर्भाची स्वतःची जनुकं सुरुवातीला गप्प असतात, सगळं आईच्या लिखाणावर चालतं.

हे सांगायला मी मुद्दाम गावी गेलो. सर निवृत्त झाले होते, ओट्यावर तूर निवडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एवढंच विचारलं, “लिहून ठेवते ते समजलं. मंग पुसते कोन? आन् कवा?”

मी आजवर जे काही केलं ते या दोन प्रश्नांपायी. तोवर मी लिहिणाऱ्याच्याच मागे होतो, पुसणाऱ्याचा विचार मनात आला नव्हता. पीएचडीसाठी मी झेब्राफिश घेतला. हा बोटभर पट्टेरी मासा मूळचा भारतीय उपखंडातलाच. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि गर्भ आईच्या बाहेर वाढतो, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडतं. साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअसला पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. तीन तासांत साधारण हजार पेशी. एवढं सगळं मुख्यतः आईच्या चिठ्ठ्यांवर. त्या सुमारास गर्भाची जनुकं मोठ्या प्रमाणावर जागी होतात आणि आईचे शेकडो निरोप भराभर नाहीसे होऊ लागतात.

पुसतं कोण, हे हळूहळू कळत गेलं. बहुतेक प्रत्येक निरोपाला शेवटी ‘ए’ या एकाच अक्षराची लांब शेपटी असते आणि ती त्याला जपते. सीसीआर4-नॉट नावाचा प्रथिनांचा गट ती शेपटी कुरतडतो. मग दुसऱ्या टोकाची टोपी निघते आणि उरलेली दोरी विकरं, म्हणजे एन्झाइम, खाऊन टाकतात. पण कोणत्या चिठ्ठीची शेपटी कापायची, हे ठरवायला खुणा लागतात. माशात गर्भाची जनुकं जागी होताच एमआयआर-430 नावाचे, सुमारे बावीस अक्षरांचे इवलेसे आरएनए तयार होतात. ते आईच्या शेकडो निरोपांना चिकटतात आणि कापणाऱ्यांना तिकडे नेतात. हिराल्डेझ, शीअर आणि सहकाऱ्यांनी हे 2006 मध्ये दाखवलं. अशा सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि रुवकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं, त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला होता. फळमाशीत हेच काम स्मॉग नावाचं प्रथिन करतं, आणि ते आईच्याच निरोपातून बनतं. आई आपलं लिखाण पुसणाराही अंड्यात ठेवून जाते! पुढे 2016 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. निरोप कोणत्या शब्दांत लिहिला आहे, यावरही त्याचं आयुष्य ठरतं. एकाच अमिनो आम्लासाठी जनुकाच्या भाषेत अनेक शब्द असतात. त्यातले काही निरोपाला टिकवतात, काही त्याला लवकर संपवतात.

वेळ चुकली तर काय होतं, ते उंदरात आणि बायकांतही दिसलं आहे. बीटीजी4 हे प्रथिन कापणाऱ्या गटाला कामाला लावतं. मादीत ते नसेल तर आईचे निरोप पुसले जात नाहीत आणि उंदराचा गर्भ एक-दोन पेशींवरच अडकतो. काही स्त्रियांमध्ये या जनुकात दोष असल्यानं फलित अंडं पहिल्यांदासुद्धा विभागत नाही, हे 2020 मध्ये छापून आलं. तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या भागात मूल नसलेल्या बाईला हळदी-कुंकवाला मागे बसवत. माझी मावशी अशी आयुष्यभर मागे बसली. तिच्या बाबतीत कारण काय होतं ते आता कधीच कळणार नाही. पण तिला दोष देणाऱ्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं, आणि याचा मला आजही संताप येतो.

आज माझ्या हाताखाली सहा विद्यार्थी आहेत, त्यातली एक मुलगी दारव्ह्याची. कोणाच्या प्रयोगाला उत्तर सापडत नसेल तर मी सरळ म्हणतो, मला माहीत नाही. हे शब्द मी आपल्या शाळेतूनच नेले.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. कौलं गेली, स्लॅब आला, चांगलं झालं. आठवीच्या खोलीत भिंतीवर पडदा आहे, बटण दाबलं की सगळं एका क्षणात पुसलं जातं. मुलं हुशार आहेत. तरी तो ओला फळा वाळेपर्यंतचा वेळ मला हवाहवासा वाटला. आमचे सगळे प्रश्न त्याच वेळात निघायचे. जमलं तर एका भिंतीवर काळा फळा ठेवा, ही समितीला विनंती.

समारंभाला मी येतो आहे. आदल्या दिवशी सकाळी दिवे लागताच मासे अंडी घालतील, ती डबीत घेऊन रात्री हैदराबादहून बसनं निघेन. आदिलाबाद, पांढरकवडा करत सकाळी पोहोचेपर्यंत आईच्या बहुतेक चिठ्ठ्या पुसून झालेल्या असतील, आणि त्याच दिवशी गर्भात हृदय धडधडताना दिसेल. आठवीच्या मुलांना ते दाखवायचं आहे. पण मायक्रोस्कोपला पहिला डोळा सरांचा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उभं राहवत नाही, तेव्हा टेबल बुटकं ठेवा आणि हातांची खुर्ची आणा. खोलीत ऊनही नको, पडदे लावून घ्या.