मोठ्या वयात हेडगिअर: तासांचं गणित आणि उशीशी भांडण

तिशी-चाळिशीतल्या माणसाला ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी) हेडगिअर, म्हणजे वरच्या दाढांना मानेमागच्या किंवा डोक्यावरच्या पट्ट्याशी जोडणारी तार, सांगितलं, की मनात पहिला प्रश्न येतो तो लोक काय म्हणतील हा. तो लवकर मिटतो. मोठी माणसं ते घरीच, संध्याकाळी आणि रात्री लावतात. ऑफिसात कुणाला दिसत नाही. न मिटणारा प्रश्न वेगळाच: रोज दहा-बारा तास आणायचे कुठून?

वाढत्या वयातल्या मुलांमध्ये हेडगिअर वरच्या जबड्याच्या वाढीला आवर घालतं. मोठ्यांमध्ये ती वाढ संपलेली असते, त्यामुळे जबडा मागे जाईल किंवा चेहऱ्याचा साचा बदलेल ही अपेक्षा ठेवू नका. मग उरतात दोन कामं. एक, वरच्या पहिल्या दाढा जागच्या जागी धरून ठेवणं. दुसरं, त्या थोड्या मागे सरकवणं. पहिलं काम जास्त वेळा लागतं. दाढेच्या पुढचा छोटा दात काढला की साधारण 7 मिलिमीटरची फट पडते. ती वापरून पुढचे दात मागे ओढायचे, तर तेवढीच ओढ दाढांवर उलट दिशेने पडते आणि त्या पुढे यायला लागतात. दाढ 3 मिलिमीटर पुढे आली, तर तेवढी जागा गेलीच. हेडगिअर हा भार दातांवरून काढून मानेवर किंवा डोक्यावर टाकतं.

हेच काम हल्ली हाडात बसवलेल्या बारीक मिनी-स्क्रूने होतं, आणि मोठ्यांसाठी अनेक डॉक्टर आधी तोच सुचवतात. स्क्रू चोवीस तास काम करतो, रुग्णाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. पण तो कधी सैल होतो, कधी योग्य जागी हाडच पुरेसं नसतं, कधी रुग्णालाच नको असतो. तुम्हाला पर्याय दिला गेला नसेल, तर विचारायला संकोच करू नका. रोज दहा तास जमणार नाहीत हे आधीच माहीत असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगून टाका. योजना बदलता येते, वाया गेलेले सहा महिने परत येत नाहीत.

मोठ्यांच्या तोंडात आधीच बरंच काही झालेलं असतं. रूट कॅनल झालेली दाढ चालते. तिच्या मुळाभोवतीचं आवरण शाबूत असेल तर ती इतर दातांसारखीच सरकते. इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) मात्र जागचा हलत नाही, म्हणून त्या बाजूला दाढ मागे सरकवण्याचा बेतच बदलतो. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो. हाड कमी उरलेली दाढ ताणाखाली सरकण्याऐवजी कलते.

आता वस्तूकडे. दोन वाकवलेल्या तारा पुढे, ओठांच्या मध्ये, एकमेकींना जोडलेल्या असतात, हा फेसबो. आतली तार साधारण 1.1 ते 1.3 मिलिमीटर जाड असते आणि तिची टोकं वरच्या पहिल्या दाढांच्या बँडवरच्या (दाढेभोवती सिमेंटने बसवलेल्या कड्यावरच्या) ट्यूबमध्ये, म्हणजे बारीक नळीत जातात. बाहेरची तार जास्त जाड असते, गालांबाहेरून मागे जाते आणि तिच्या टोकांच्या हुकांत पट्टा अडकतो. पट्टा मानेमागून असेल तर ओढ मागे आणि खाली जाते. डोक्यावरची टोपी असेल तर मागे आणि वर.

हा फरक मोठ्यांसाठी मुलांपेक्षाही महत्त्वाचा आहे. मानेच्या पट्ट्याने दाढ मागे जाते, पण किंचित खालीही उतरते. मुलांमध्ये जबड्याची वाढ ही उतरण्याची भरपाई करते. मोठ्यांमध्ये भरपाई करायला वाढच नसते, त्यामुळे दाढा आधी टेकतात, खालचा जबडा मागे-खाली फिरतो आणि पुढच्या दातांत फट दिसू लागते. चेहरा मुळात लांब असेल किंवा पुढचे दात आधीच टेकत नसतील, तर मानेचा पट्टा का निवडला हे डॉक्टरांना जरूर विचारा. बाहेरच्या तारेची लांबी आणि तिचा वर-खाली कोन यांवरही दाढ सरळ सरकेल की कलेल हे ठरतं. म्हणूनच ती तार घरी पक्कडीने 'थोडीशी' वाकवण्याच्या भानगडीत पडू नका. थोडीशी वाकली की ओढीची दिशाच बदलते.

ताण किती? दाढ नुसती धरून ठेवायची असेल तर प्रत्येक बाजूला साधारण 200 ते 250 ग्रॅम, मागे सरकवायची असेल तर 400 ते 500 ग्रॅमपर्यंत. डॉक्टर तो ताणकाट्याने मोजतात आणि सुरुवातीला कमीच ठेवतात. धरून ठेवण्यासाठी रोज 10 ते 12 तास, सरकवण्यासाठी 12 ते 14. आपल्याला नेमके किती, हे लिहून घ्या, कारण घरी गेल्यावर 'रात्री लावा म्हणाले' एवढंच आठवतं. आणि रात्रीची झोप म्हणजे सातच तास.

पहिल्या रात्रीआधी आरशासमोर लावण्या-काढण्याचा सराव करा. दिवसाउजेडी, घाई नसताना, पाच-सहा वेळा. हात धुवा. पट्टा लांब ठेवा, आधी फक्त फेसबो. तो दोन्ही हातांनी समोरून धरून एक टोक ट्यूबच्या तोंडाशी न्या, बोटाने चाचपा, आत सरकवा, मग दुसरं. दोन्ही टोकं एकाच वेळी घालायला जाल तर दोन्ही चुकतील. आतल्या तारेवर ट्यूबच्या आधी एक अडकाव किंवा छोटा वळसा असतो, तो ट्यूबला टेकला की तार पूर्ण बसली. तार पुढच्या दातांना टेकता कामा नये, 3-4 मिलिमीटर मोकळी हवी. टेकत असेल तर दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निखळेल. मग पट्टा मानेवर घ्या. एका हाताने फेसबो पुढून धरूनच दुसऱ्या हाताने एक बाजू ठरवून दिलेल्या भोकात अडकवा, मग हात बदलून दुसरी.

काढताना नेमका उलटा क्रम, आणि इथे सवलत नाही. आधी दोन्ही बाजूंचे पट्टे सोडा, नंतरच फेसबो बाहेर काढा. पट्टा अडकलेला असताना फेसबो पुढे ओढला आणि हातातून सुटला, तर तो गोफणीसारखा परत येतो आणि टोकं थेट चेहऱ्याकडे येतात. डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणं दंतवैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. अशी इजा सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण तारेवर तोंडातले जंतू असतात आणि डोळ्याच्या आतला संसर्ग आवरणं फार कठीण जातं. डोळ्याला तार लागली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि तार तोंडातली होती हे आवर्जून सांगा. याच कारणासाठी जास्त ओढ बसताच सुटणारे पट्ट्याचे मॉड्यूल आणि ट्यूबमधून सहज न निसटणारा फेसबो, अशा दोन वेगवेगळ्या सोयी असाव्यात. तुमच्या हेडगिअरमध्ये कोणत्या आहेत, हे डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायला सांगा. पट्टा हाताने जोरात ओढल्यावर तो सुटलाच पाहिजे. सुटणाऱ्या मॉड्यूलऐवजी साधा इलास्टिक पट्टा हाती आला, तर परत द्या.

पहिल्या दिवशी दोन-तीन तास, जागेपणीच. मग रोज दीड-दोन तास वाढवत आठवडाभरात पूर्ण रात्रीपर्यंत जा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच करा. दाढांत बोथट दुखणं पहिल्या काही तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. मऊ जेवण, कोमट पाण्याच्या चुळा, आणि लागलीच तर डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी. आयबुप्रोफेनसारखी औषधं दात सरकण्यासाठी लागणाऱ्या रसायनांनाच अडवतात, म्हणून ती दिवसेंदिवस सलग घेऊ नयेत. अनेक डॉक्टर त्याऐवजी पॅरासिटामॉल सुचवतात.

मोठी माणसं हमखास चुकतात ती यापुढे. दुखतंय म्हणून दोन रात्री सुट्टी, मग तीन रात्री, मग पुन्हा सुट्टी. दात सरकायला रोज सलग काही तास, साधारण 4 ते 8, ताण लागतो. त्याहून कमी झाला तर मुळाभोवतीच्या पेशी कामालाच लागत नाहीत. खंड पडला की दाढ पुढे येते, आणि पुन्हा लावल्यावर तेच पहिल्या आठवड्याचं दुखणं नव्याने. म्हणजे जो दुखतं म्हणून टाळतो, त्यालाच महिनोन्‌महिने दुखत राहतं. रविवारी वीस तास लावून आठवड्याची उधारी फिटत नाही. चार-पाच दिवसांच्या खंडानंतर फेसबो ट्यूबमध्ये जायलाच तयार नसेल, तर दाढ सरकली किंवा फिरली आहे. जोर लावू नका, फोन करा.

तासांचं गणित कागदावर मांडा. रात्री साडेआठला लावलं आणि सकाळी सातला काढलं तर साडेदहा तास होतात. म्हणजे जेवण आणि दात घासणं साडेआठच्या आत. बारा हवे असतील तर संध्याकाळी घरी आल्यावर दोन तास आधी लावा आणि मध्ये फक्त जेवायला, अर्धा तास काढा. कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद आणि पेन हे मोबाइलच्या अ‍ॅपपेक्षा जास्त टिकतं. लावलेली वेळ, काढलेली वेळ, बस. खोटे आकडे भरण्यात अर्थ नाही. दाढा, पट्ट्याचा मळ आणि ट्यूबवरची झीज डॉक्टरांना खरं सांगतात.

झोप. पाठीवर झोपणाऱ्यांना दोन-तीन रात्रींत सवय होते. कुशीवर झोपणाऱ्यांची पंचाईत अशी, की बाहेरची तार उशीवर दाबली जाते, फेसबो तिरका होतो आणि एकाच दाढेवर सगळा जोर येतो. उशी खांद्याकडे ओढून डोकं तिच्या काठावर ठेवा, म्हणजे तार काठाबाहेर मोकळी राहते. पाठीमागे दुसरी उशी लावली तर पूर्ण कुशीवर न वळता अर्धवट कलून झोपता येतं. पालथं झोपणं बंद. प्रवासातली यू आकाराची उशी मानेच्या पट्ट्यावर चढते, तिचा उपयोग नाही. सकाळी फेसबो उशीवर पडलेला सापडला तर लावणं थांबवून दाखवून या. अर्धवट निघालेली तार झोपेत कुठे जाईल याचा नेम नाही. घोरण्यासाठी सीपॅप मशीन लावत असाल तर मास्कचे पट्टे आणि हे पट्टे एकमेकांवर येतात, हे दोन्ही डॉक्टरांना माहीत हवं.

बोलण्याची अडचण नेमकी ओष्ठ्य अक्षरांत येते: प, फ, ब, भ, म. फेसबोच्या तारांचा जोड ओठांमधून जातो, त्यामुळे ओठ पूर्ण मिटत नाहीत. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा, आठवड्यात बराच फरक पडतो. लाळ आधी वाढते, मग कमी होते; रात्री मात्र उघड्या ओठांमुळे तोंड कोरडं पडतं. उशाशी पाणी आणि स्ट्रॉ ठेवा, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन. फोन कानाला लागत नाही, स्पीकर किंवा इअरफोन वापरा. चष्मा पट्ट्यांनंतर घाला. लांब केसांची वेणी किंवा अंबाडा आधी, पट्टा नंतर. केस हुकात गुंतले की माणूस झटका देतो, आणि झटका हीच इथली सर्वांत वाईट गोष्ट. घरात तान्हं मूल असेल तर हेडगिअर लावून त्याला कडेवर घेऊ नका. समोर दिसलेली तार ते ओढणारच. गाडी चालवताना, खेळताना, हेल्मेटखाली हे लावायचं नाही.

मानेवरची गादी घामाने कडक होते. दोन घ्या, आलटून पालटून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. फेसबोला जुना ब्रश आणि साबण पुरे. ब्लीचमध्ये बुडवू नका, क्लोरीन स्टीललाही खातं. तोंडाच्या कोपऱ्यांना किंवा तारेला लागणाऱ्या कातडीवर खाजरे लाल चट्टे आले तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. स्टीलमध्ये निकेल असतं. नकली दागिन्यांनी कान चिघळत असतील तर ही गोष्ट आधीच सांगा. फेसबो काढल्यावर थेट डबीत ठेवा. कागदी नॅपकिनात गुंडाळलेला फेसबो कचऱ्यात जातो, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की डॉक्टर त्यावर हसतही नाहीत.

काही खुणा ओळखायला शिका. दाढ किंचित हलते, तिच्या पुढे बारीक फट दिसते: काम चालू आहे. बँडखाली घाण चव येते किंवा चावताना बँड वर-खाली होतो: सिमेंट सुटलं आहे, त्या बाजूला किडण्याचा धोका आहे, हेडगिअर थांबवा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. फेसबो एका बाजूला सरकलेला दिसतो: आधी दोन्ही पट्ट्यांची भोकं मोजा, बहुतेकदा एक भोक चुकलेलं असतं. भोकं बरोबर असतील तर तार वाकली आहे. ट्यूबमागे हिरडी सुजली तर आतल्या तारेचं टोक लांब राहिलंय. ते दवाखान्यात कापून मिळतं, पाच मिनिटांचं काम. ताण हळूहळू कमी वाटतो तेव्हा दाढ सरकली असेल किंवा पट्टा सैल पडला असेल. स्वतःहून पुढचं भोक घेऊ नका.

फट मिटली आणि डॉक्टर 'आता नको' म्हणाले, तरी फेसबो लगेच फेकू नका. दाढांवरचे बँड निघेपर्यंत तो डबीत असू द्या. पुढचे दात शेवटचं ओढताना काही आठवडे फक्त रात्री पुन्हा लावायला सांगतात. त्या वेळी नवा फेसबो मापाने वाकवून घेण्यापेक्षा जुनाच ट्यूबमध्ये सरकवणं सोपं जातं.