डबा 9 चा हिशेब लागला, पण हद्द सरकली

मंडळी, डासांची अंडी पकडायला गावात मांडलेल्या माझ्या डब्यांपैकी डबा 9 चं कोडं परवा रात्री सुटलं. आनंद आहेच, पण त्याआधी एक विधान मागे घ्यायचं आहे. गणपतीनंतरच्या नोंदीत मी लिहिलं होतं की आमच्या गावात एजिप्तीची (एडिस एजिप्ती, डेंगी-चिकुनगुनिया पसरवणारा डास) हद्द डबा 8 आणि 9 यांच्यामधून, पोफळीच्या बागेच्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) जाते. गडग्याच्या आत निव्वळ आल्बो, म्हणजे एडिसचीच दुसरी जात, आल्बोपिक्टस. ते विधान वापरू नका. ज्यांनी आपल्या नकाशात घेतलं असेल त्यांनी कृपया खोडा.

रांग तीच आहे. स्टँडजवळच्या बाजारपेठेतून सुरू होऊन वाडी, पोफळीची बाग, काजू आणि शेवटी सडा (कातळाचं उघडं पठार), असे 14 डबे. मंगळवारी डब्यांतल्या पट्ट्या (डास ज्यांवर अंडी घालतात त्या) बदलतो, डबे आतून घासतो, पाणी नवं भरतो. घासण्यात एकाही आठवड्याची सूट नाही, कारण आठवड्याहून जास्त पडून राहिलेला डबा म्हणजे आपणच गावात वाढवलेले डास.

डबा 9 ची तक्रार जुनी आहे. पट्टीवर दर आठवड्याला 60 ते 80 अंडी आणि जाळीखालच्या बरणीत डास निघायचे फार तर एक किंवा दोन. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून सगळे 7 प्रौढ, सातही आल्बो. हद्दीचं विधान मी या सातांवर केलं होतं. शेजारच्या डबा 8 मधून त्याच काळात 90 च्या वर निघाले होते, तेव्हाच थांबायला हवं होतं.

पहिला संशय अंड्यांवर गेला. एडिसची अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं तरी सगळी एकदम फुटत नाहीत, हप्त्याहप्त्यानं फुटतात. विहिरीच्या ताज्या पाण्यात माझ्याकडे निम्मीसुद्धा फुटत नव्हती. मग पाणी खळखळून उकळलं, झाकून गार केलं आणि त्यात चिमूटभर यीस्ट टाकलं. उकळल्यानं पाण्यातला प्राणवायू निघून जातो, यीस्ट उरलासुरला संपवतं, आणि प्राणवायू कमी होणं हीच अंड्यातल्या अळीला बाहेर पडायची खूण असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये पांढरट दोऱ्याचे तुकडे वळवळावेत तशा अळ्या दिसल्या. मोजून 57, आणि पट्टी 71 अंड्यांची. इतकी चांगली फूट मला या छंदात पहिल्यांदा मिळाली. उकळलेल्या पाण्याची युक्ती पूर्वी इथे ज्यांनी सांगितली होती त्यांचे मनापासून आभार.

पण प्रौढ तरीही निघेनात. खाणं बदललं. माशांच्या खाद्यानं पाण्यावर साय धरते आणि अळ्या श्वास कोंडून मरतात, म्हणून कुत्र्याची बिस्किटं दळून त्यात यीस्ट मिसळलं आणि रोज नखाएवढंच टाकलं. साय गेली. अळ्या मात्र कमी होतच राहिल्या. सोमवारी 41, गुरुवारी 26, शनिवारी 12. मला छळत होतं ते हे, की एकही मेलेली अळी सापडत नव्हती. उपासमार असो, घाण पाणी असो, रोग असो, तळाशी काहीतरी उरतं. इथे ट्रे स्वच्छ.

परवा रात्री दिवे मालवून नुसत्या विजेरीच्या उजेडात ट्रे बघत बसलो. कोपऱ्यात पानाचा देठ म्हणून दोन आठवडे मी ज्याकडे दुर्लक्ष केलं होतं तो तांबूस तपकिरी तुकडा हलला. बाजूनं एक अळी वळवळत गेली आणि त्यानं मान फिरवून ती मधोमध धरली. एडिसच्या अळीच्या दुपटीहून मोठी, जाडजूड, आखूड श्वासनळी. टॉक्सोऱ्हिंकायटिस! एक नव्हे, ट्रेमध्ये दोन होत्या.

ज्यांनी हा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हाही डासच आहे, डासांमधला सर्वांत मोठा. अंगावर निळी-हिरवी धातूसारखी झाक, सोंड खाली वाकलेली. मादीसुद्धा रक्त पीत नाही, फुलांच्या मधावर आणि झाडाच्या रसावर जगते. अंडी घडवायला लागणारी प्रथिनं ती अळीपणीच दुसऱ्या डासांच्या अळ्या खाऊन साठवून ठेवते. एकेक अळी मोठी होईतो शेकडो अळ्या फस्त करते.

मग प्रश्न पडला की हे पट्टीवरून ट्रेमध्ये आलेच कसे? रात्रभर त्यावर विचार केला आणि उत्तर माझ्याच पद्धतीत सापडलं. ही मादी डब्याच्या कडेला अंडी चिकटवत नाही. पाण्याच्या वर हवेत उडत राहून एकेक अंडं खाली सोडते आणि ते पृष्ठभागावर तरंगतं. म्हणजे पट्टीवर ते दिसणारच नाही. जूनमध्ये मी नियम केला होता की डब्यातलं पाणीही ट्रेमध्ये ओतायचं, कारण पावसानं पातळी वाढली की कडेची अंडी भिजून डब्यातच फुटतात आणि त्या अळ्या मोजणीतून सुटतात. नियम बरोबर होता, पण त्या पाण्याबरोबर मी शिकारी घरी आणत होतो. शिवाय दर मंगळवारची नवी पट्टी त्याच ट्रेमध्ये टाकायचो, म्हणजे त्यांना दर आठवड्याला ताजं खाद्य. बाकीच्या डब्यांत हे घडलं नाही, कारण टॉक्सोला झाडाची ढोली, बांबूचा खुंट, पडलेल्या विरीतलं (पोफळीच्या झावळीच्या पन्हाळीसारख्या बुंध्यातलं) सावलीचं पाणी असल्या जागा लागतात. डबा 9 बरोबर पोफळींच्या गर्द सावलीत आहे.

काल त्यातल्या मोठ्या अळीच्या आजूबाजूला चार अळ्या मारलेल्या पण न खाल्लेल्या दिसल्या. कोषात जायच्या बेतात असलेली टॉक्सोची अळी अशीच वागते, समोर येईल ते मारत सुटते आणि खात नाही. वाचलेलं होतं, डोळ्यांनी बघायला मिळालं. दोघींना वेगवेगळ्या बाटलीत काढलं, नाहीतर त्या एकमेकींनाही सोडत नाहीत.

सुदैवानं डबा 9 ची ऑक्टोबरमधली एक पट्टी वाळवून ठेवलेली होती. शिकारी सापडल्यावर ती आधी भिजवावी असं वाटलं, पण मग लक्षात आलं की मागच्या मंगळवारची पट्टी मी वेगळ्या ट्रेमध्ये, डब्यातलं पाणी न ओतता, नुसतीच भिजवून तिच्यावरची अंडी फोडली होती. ते डास याच आठवड्यात निघाले होते आणि फ्रीजरमध्ये ओळख पटवायची वाट बघत पडले होते. काल दुपारी भिंगाखाली घेतले. 34 डास. त्यांतले 29 आल्बो, पाठीच्या मधोमध एकच ठसठशीत पांढरी रेघ. उरलेल्या पाचांच्या पाठीवर दोन्हीकडे कोयतीसारख्या वाकलेल्या रेघा आणि मध्ये दोन बारीक सरळ. एजिप्ती. गडग्याच्या आत.

मी खुर्चीवरून उठून थेट बागेत गेलो. गडग्याच्या आत, डब्यापासून पन्नासेक पावलांवर, गड्यांच्या खोलीमागे दोन निळी पिंपं. बागेतल्या आबांना विचारलं तर म्हणाले, ‘‘नळाचं पाणी आता तीन दिवसांआड येतं, मग भरून नको ठेवायला?’’ पिंपावर पत्रा होता, पण पत्र्याला फट. आत अळ्या होत्या. आबांनी मी सांगायच्या आधीच पिंपं उपडी केली, आतून काथ्यानं घासली, आणि आता तोंडाला जुनं धोतर बांधलं आहे. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात, हे त्यांना पटवावं लागलं नाही याचा मला फार आनंद झाला.

एजिप्ती आयुष्यभरात फार लांब उडत नाही, बहुतेक दीड-दोनशे मीटरच्या आतच राहते. म्हणून आता मला असं वाटतं की आमच्याकडे एजिप्तीची हद्द झाडीच्या कडेवर ठरत नाही, ती पिंपावर ठरते. पाणी साठवायची गरज जिथवर पोचते तिथवर ती जाते. वाडीतल्या डबा 6 मध्ये जुलैपासून तुरळक एजिप्ती का होत्या, तेही आता जुळतं. त्या घरांनाही पाणी रोज येत नाही.

कुणी म्हणेल की बागेत कोणती जात आहे यानं काय फरक पडतो. पडतो. 1973 च्या बार्शीच्या चिकुनगुनियापासून आपण एजिप्तीलाच आरोपी धरत आलो, पण 2007 मध्ये केरळात साथ पसरली ती मुख्यत्वे आल्बोमुळे, रबराच्या चिकाच्या वाट्यांत साठलेल्या पाण्यातून. विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात 226 व्या जागी ॲलॅनिनऐवजी व्हॅलिन आलं आणि तो आल्बोच्या शरीरात जास्त चांगला वाढू लागला. दोडामार्गात रबर आहे, आमच्याकडे विऱ्या आणि करवंट्या आहेत. ज्या बागेत दोन्ही जाती एकत्र सापडतात ती माझ्या मते पूर्ण रांगेतली सर्वांत लक्ष ठेवण्यासारखी जागा.

हत्यारांबद्दल थोडं. पट्ट्यांसाठीच्या जर्मिनेशन पेपरची (बियाणं उगवून बघायच्या कागदाची) या वेळची रीळ गुळगुळीत आली, अंडी धुऊन जातात. दुकानदार बदलला आहे. तोवर खरखरीत मांजरपाटाची पट्टी वापरतो, मोजायला त्रास होतो पण अंडी टिकतात. मोबाइलला लावायच्या यूएसबी सूक्ष्मदर्शकावर पैसे घालू नका. शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं संयुक्त सूक्ष्मदर्शक 100 पटीला त्याहून कितीतरी स्वच्छ दाखवतं.

यातूनच पुढचा बेत बदलतोय. लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की डब्यातलं पाणी चहाच्या गाळणीनं गाळून शिकारी वेगळे करायचे. पण टॉक्सोची लहान अळी गाळणीवर एडिसपासून ओळखेन याची मला खात्री नाही. त्यापेक्षा प्रौढ होईतो थांबायचंच कशाला? चौथ्या अवस्थेतली अळी अल्कोहोलमध्ये घालून पोटाच्या आठव्या खंडावर कंगव्यासारखी ओळ असते तिचे दात बघायचे. एजिप्तीच्या दाताला बाजूनं ठळक काटे असतात, त्रिशूळासारखे, आल्बोचा दात साधा, एकाच काट्याचा. काल सराव म्हणून दहा अळ्या बघितल्या, दहाही ओळखता आल्या. तेव्हा यापुढे पट्टी एका ट्रेमध्ये, पाणी दुसऱ्या ट्रेमध्ये, आणि दोन्हीकडची ओळख अळीवर. तक्त्यात टॉक्सोचा वेगळा रकाना.

टॉक्सो मुद्दाम वाढवून सोडावेत असाही विचार आला होता. पण ते सावलीतल्या ढोल्यांत राहणार आणि एजिप्ती घरामागच्या पिंपात. दोघांची गाठ पडायची नाही, शिवाय त्यांची वाढ सावकाश. पिंपाला धोतर बांधणंच बरं.

सड्याची बातमी शेवटी राहिली. डबा 14 शेजारच्या कातळातल्या खळग्यातून आणलेल्या अळ्यांमधून व्हिटॅटस, एडिसचीच आणखी एक जात, निघाला! पाठीवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या, अगदी चित्रात असतात तशा. सप्टेंबरच्या उघडिपीत तो खळगा पूर्ण कोरडा पडला होता, पुन्हा पाऊस झाल्यावर चौथ्या दिवशी अळ्या होत्या.

रांग या वर्षी दिवाळीनंतर उचलणार नाही. मे अखेरपर्यंत ठेवतो, कारण विहिरी आटल्या की प्रत्येक घरामागे पिंप येईल आणि तेव्हा एजिप्ती डबा 10 गाठते का ते बघायचं आहे. टॉक्सोची मोठी अळी आज सकाळी कोषात गेली. बाटलीला मलमल बांधून खिडकीपासून दूर ठेवली आहे. प्रौढ बाहेर आल्यावर जात ठरवेन. तोवर पोफळीच्या किंवा केळीच्या बागेत डबे असलेल्यांनी आपापले ट्रे रात्री विजेरीनं एकदा बघा आणि देठासारखं काही दिसलं तर कळवा.