भिंतीपासून जरा ओढ ते टेबल

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्या गच्चीवर २८ माणसं जेवायला येणार होती आणि मी तीन दिवस फक्त टेबलाचाच विचार करत होते. स्वयंपाकाचं टेन्शन नव्हतं, कारण तो काकूंनी (नवऱ्याच्या, पण आता माझ्याच जास्त) अंगावर घेतला होता. लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार आणि गाजर हलवा. भोगीला अजून दोन आठवडे आहेत, मग आत्ताच कशी ही भाजी, असं कोणीतरी विचारलंच. पण पुण्यात डिसेंबरात मंडईत गेलं की पावटा, हरभऱ्याचे घाटे, मटार, गाजरं, बोरं सगळं एकदम समोर येतं, मग पंचांग बघत बसायला वेळ कोणाला आहे.

तर टेबल. मांडववाल्याकडून दोन फोल्डिंगची टेबलं आणली, त्याने त्याबरोबर लाल सॅटिनची झालर पण दिली, ती मी तशीच परत पाठवली कारण ती बघितली की मला लगेच कार्यालयातला रिसेप्शनचा स्टेज आठवतो. त्याऐवजी आईची जुनी इरकल साडी टाकली. सगळी भांडी एकाच पातळीवर ठेवली की टेबल भांड्यांच्या दुकानासारखं दिसतं, म्हणून साडीखाली दोन पाट, एक चौरंग आणि एक उपडं घमेलं सरकवलं, त्यामुळे मागची भांडी वर आणि पुढची खाली अशी छान उतरंड झाली. घमेल्याचं गुपित शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. कुंभारवाड्यातून मातीची पातेली आणली होती. मधे पिवळी शेवंती, उसाच्या दोन कांड्या उभ्या, परातीत बोरं आणि पेरू, आणि दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या काचेच्या ग्लासांत. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर टाकायचा राहिलाच होता, तोही परत टांगला, आळशीपणाचा फायदा कधीकधी असाही होतो. फोटो काढला, सगळ्या ग्रुपवर टाकला, बदाम आले, मी खूश.

काकू गरम खिचडी घेऊन वर आल्या, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुंदर झालंय गं. पण माणसं जेवणार कुठून?"

म्हणजे काय ते मला वीस मिनिटांनी कळलं. टेबल मी भिंतीला चिकटवून लावलं होतं, फोटोला बॅकग्राउंड चांगलं येतं म्हणून. त्यामुळे रांग एकच आणि एकाच बाजूने. त्यात भाकरीची टोपली मी सुरुवातीलाच ठेवलेली, फडक्यात गुंडाळून, वर चिमटा. आता एका हातात ताट धरून दुसऱ्या हाताने फडकं उघडायचं, चिमट्याने भाकरी धरायची आणि परत फडकं झाकायचं हे जमण्यासाठी माणसाला तीन हात लागतात. प्रत्येक जण तिथे थांबत होता, चिमट्याने भाकरीचा तुकडा मोडत होता, मग लाजून हातानेच घेत होता. पुढे लोण्याचा गोळा, सुरेख, वर तुळशीचं पान, पण त्यात चमचाच नाही. चमचे टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, नॅपकिनच्या शेजारी. एक काका भाकरीच्या तुकड्यानेच लोणी खरवडून गेले आणि त्यांच्यामागच्या वहिनींनी मग लोणी घेतलंच नाही.

"अगं, भिंतीपासून जरा ओढ ते टेबल," काकू म्हणाल्या. चौघांनी चार कोपरे धरले, पणत्या सांभाळत टेबल गच्चीच्या मधे आणलं, ताटांचे दोन ढीग केले, भाकरी शेवटी नेली आणि रांग दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. उपडं घमेलं तेवढं आतल्या आत घसरलं आणि मटारची उसळ जरा कलली. फोटोतलं टेबल तिथेच संपलं, पण लोक जेवायला लागले.

पंगतीत हा प्रश्नच नसतो ना. तिथे माणूस बसलेला आणि अन्न चालत येतं. पानात कुठे काय हे ठरलेलं, आधी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात आणि त्यावर वरण. डोळे मिटून हात घातला तरी लिंबू सापडेल. बुफेत अन्न बसलेलं असतं आणि माणसं चालतात, आणि चालणाऱ्या माणसाच्या हातात ताट असतं, ग्लास असतो, कधी कडेवर मूलही असतं, हे मांडणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मूळ फ्रेंचमधे बुफे म्हणजे भांडी ठेवायचं फडताळ म्हणे. मी अगदी तेच लावलं होतं, बघायचं फडताळ.

थंडीचे त्रास वेगळेच. त्या रात्री गच्चीवर वारा होता. कागदी नॅपकिन पहिल्या दहा मिनिटांत शेजारच्या सोसायटीत गेले. शेफिंग डिशखालचे जेलचे दिवे दोनदा विझले, मग पाण्याच्या टाकीचा आडोसा बघून तो कोपरा फिरवला. त्या डिशच्या खालच्या ट्रेमधे उकळतं पाणीच ओतायचं असतं, मी नळाचं गार घातलेलं, ते तापेपर्यंत भाजीच गार व्हायला लागली. गरम अन्न साधारण ६० अंशांच्या वर राहायला हवं, नाहीतर चव तर जातेच पण उगाच पोटाची भानगड. शेवटी भाजी खाली गॅसवर परत तापवून आणली. आणि तूप! वाटीत असं घट्ट बसलं की खिचडीवर ते वाढायचं नाही, खणायचं होतं. काकूंनी ती वाटी साराच्या पातेल्याच्या झाकणावर नेऊन ठेवली, पाच मिनिटांत तूप पातळ. इतकी साधी गोष्ट कुठल्याच सजावटीच्या व्हिडिओत नसते.

मावसबहीण स्वीडनमधे गोथेनबर्गला असते, तिने तिकडच्या यूलबोर्डचा, म्हणजे नाताळच्या टेबलाचा फोटो पाठवला होता. तिथे म्हणे आधी हेरिंग मासा, मग बाकीचे मासे, मग गार मांस, मग गरम पदार्थ आणि शेवटी गोड, आणि दर फेरीला नवीन प्लेट. मी ते वाचून सगळ्यांना सांगितलं, दोन-तीन फेऱ्या करा हो, सावकाश. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पहिल्याच फेरीत हलव्यावर ठेचा टेकवून निघून गेले. आपल्याकडे दुसरं ताट घेणं म्हणजे भांडी घासणाऱ्या मावशींवर अन्याय, त्यापेक्षा हलवा तिखट झाला तरी चालेल.

गोडाचं वेगळं छोटं टेबल मात्र जमलं. वरच्या मजल्यावरच्या गोव्याच्या मावशींनी नाताळचा कुसवार पाठवला होता, नेवऱ्या, काळसर चकचकीत दोदोल आणि कुलकुलांचा डबा. त्यांच्या नेवऱ्या आणि आमच्या करंज्या शेजारीशेजारी ठेवल्या तर मुलांना फरक ओळखता येईना, म्हणून ते दोन्ही खाऊन बघत होते, परत परत. थोडं सार मी चहाच्या नळवाल्या मोठ्या थर्मासमधे भरून जिन्याच्या तोंडाशीच ठेवलं होतं, येणारा प्रत्येक जण कपाने हात शेकत आत येत होता. अख्ख्या मांडणीत माझं स्वतःचं डोकं चाललं ते एवढ्या एका ठिकाणी.

साडेअकराला सगळे गेले. टेबलावर इरकलीला लोण्याचा डाग, शेवंती ठेच्यात पडलेली, बोरांच्या बिया परातीत. काकू आणि मी जेवलोच नव्हतो. मी ताट घेऊन टेबलापाशी गेले तर काकूंनी हातातून काढून घेतलं. सतरंजी टाकली, मला खाली बसवलं, समोर ताट ठेवलं आणि चिमूटभर मीठ वाढलं, वर डाव्या कोपऱ्यात लिंबाची फोड.

"बस आता," म्हणाल्या, "तूप आणते."