शिबिराचा तिसरा दिवस

चिखलदऱ्यातल्या आमच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिराचा आज तिसरा दिवस. खाली अमरावतीत ऊन मी म्हणतंय, इथं ११०० मीटरवर पहाटे चादर लागते. मुलं १४ ते १७ वयाची. कुणी शाळा सोडलेला, कुणी घरून दोनदा पळालेला.

पहिल्या दिवशी सगळ्यांकडून खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या मागून घेतल्या. एकानं दिलीच नाही. मीही ओढाताण केली नाही. धाकाला ही पोरं सरावलेली आहेत.

आज संध्याकाळी बायबलातल्या लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला सांगत होतो. पोरगा बापाकडून घेतलेला वाटा उधळून घरी परततो. बाप पोराला लांबूनच ओळखतो अन् धावत सुटतो, इथवर आलो तर मागून तो पुडी न दिलेला पोरगाच म्हणाला, "दादा, मारलं नाही त्याले?"

"नाही रे. गळ्यात पडला, मुके घेतले."

"माह्या बापानं त मले दारातूनच हाकललं असतं."

कुणी हसलं नाही. गाणी राहिली. कापूस, कर्ज, बापाची दारू... तासभर बोलत होता. मला प्रार्थनेचे शब्दच सुचेनात, नुसता पाठीवर हात ठेवून बसलो.

रात्री ताटं घासताना त्यानं पुडी माझ्या हातात दिली. रबर तसंच गुंडाळलेलं, न उघडलेली.

उद्या त्याच्या वडिलांना फोन लावतोय. दोघांसाठी प्रार्थना करा.