आमची वाटचाल: आधी पाठ दाखवा

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमधलं आमचं दुकान इतकं चिंचोळं आहे की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. विकतो काय, तर नेपोलियनच्या घोडदळाच्या तलवारी. पुण्याहून इथे शिकायला आलो, नोकरी धरली, कंटाळून सोडली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अक्कल आली ती पहिल्याच मोठ्या खरेदीत. रविवारच्या जुन्या बाजारात एक बाकदार तलवार दिसली. पितळी परज, लोखंडी म्यान आणि पात्याच्या पाठीवर गंजातून डोकावणारा एक शब्द: ‘अँपेरियाल’. शाही! मग नेपोलियनचीच, दुसऱ्या कुणाची असणार? बायकोच्या साठवणीतले पैसे मोजले. आठवडाभर तेलाचं फडकं फिरवलं, तेव्हा पुढचा शब्द वर आला: ‘शातेलरो’. शातेलरो हे फ्रान्समधलं गाव, तिथला शस्त्रांचा कारखाना निघाला १८१९ साली, म्हणजे नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना. आमची तलवार होती त्याच्या पुतण्याच्या, तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत घडवलेली, नमुना मात्र जुना, १८२२चा. बायकोने तिचं नाव ‘पुतण्या’ ठेवलं. ती गल्ल्यामागे टांगली आहे, विकायची नाही.

तेव्हापासून कुणी तलवार आणली की मी म्हणतो, आधी पाठ दाखवा. क्लिंगेनथाल हे गाव आमच्यापासून जवळच. नावाचा अर्थच पात्यांचं खोरं. पंधराव्या लुईच्या काळात, १७३० साली, तिथे कारखाना उभा राहिला. कारागीर आणले जर्मनीतल्या झोलिंगेनहून. पात्याच्या पाठीवर कारखाना, महिना, साल असं सगळं कोरायची तिथली रीत होती. आमचा धंदा त्या एका ओळीवर चालतो.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९२पासून नव्याने वर्षं मोजणारं पंचांग काढलं, त्यातल्या नवव्या, अकराव्या आणि तेराव्या वर्षांचे (साधारण १८०० ते १८०५) नमुने जास्त मागितले जातात. हलक्या घोडदळाची तलवार बाकदार. छातीवर चिलखत घालणाऱ्या क्विरासिए स्वारांची मात्र सरळसोट, साधारण ९७ सेंटीमीटर पात्याची. आपली मराठ्यांची सरळ पात्याची धोप आठवते. या क्विरासिए तलवारीची अणी मुळात एका बाजूला होती, नंतर बहुतेक पात्यांची घासून मधोमध आणली गेली. मूळ अणी शाबूत असलेलं पातं माझ्या हाती एकदाच आलं. विकताना जिवावर आलं, पण दुकानाचं भाडं थकलं होतं.

आम्ही पाती चकाचक करून देत नाही. गंज थांबवतो, काळपटपणा तसाच ठेवतो. यापायी गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. तलवार म्हटल्यावर एका कुरिअरवाल्याने ऐनवेळी हात वर केले, तेव्हापासून महागाचा माल मी स्वतः रेल्वेने पोचवतो.

गेल्या महिन्यात एक आजोबा चादरीत गुंडाळून ‘वॉटर्लूची’, म्हणजे नेपोलियनच्या १८१५मधल्या शेवटच्या लढाईतली, तलवार घेऊन आले. पणजोबांची, म्हणाले. मी पाठ पुसली, शातेलरो वाचलं आणि बायकोकडे पाहिलं. तिने आधी कॉफी ठेवली.